दिनविशेष – १५ मार्च १९४४ : जपानी सैन्य चिंदविनपार

ब्रह्मदेशातील इरावतीची सर्वांत मोठी उपनदी चिंदविन ही दुसऱ्या महायुद्धात जपानी व ब्रिटिश-भारतीय फौजांमधील जणू सरहद्दच ठरली होती. १५ मार्च १९४४ च्या रात्री जनरल मुतागुची यांच्या पंधराव्या सैन्याच्या दोन डिव्हिजन ती ओलांडून इंफाळ व कोहिमाच्या रोखाने निघाल्या. पलीकडे जंगल आणि डोंगर असल्याने सैनिकांनी सुमारे तीन आठवड्यांचाच शिधा घेतला व खाण्यासाठी गुरे हाकत नेली, पण त्यांतील बरीच प्रवाहातच बुडाली. शत्रूची कोठारे हाती लागतील, हे गृहीतक जुगाराचेच होते. इंफाळ पडले नाही आणि जुलैत, ऐन पावसाळ्यात, मोहीम गुंडाळावी लागली. डिसेंबरमध्ये ब्रिटिश-भारतीय अभियंत्यांनी कलेवा येथे बेली पूल, म्हणजे सुट्या पोलादी भागांचा जोडपूल, उभारून चिंदविन उलट दिशेने ओलांडली.