सम्यक दृष्टी आणि सम्यक आचरण : मराठवाड्याचा अनुभव

धर्मात श्रद्धा श्रेष्ठ की आचार, हा वाद जुना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या विवेचनात नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा भेद केला. नियम कृती ठरवून देतो. तत्त्व माणसाला विचार करावयास लावते व कृतीची जबाबदारी त्याच्यावर टाकते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ही दृष्टी स्पष्ट दिसते. पहिल्या तीन प्रतिज्ञांत देव न मानणे आणि त्यांची उपासना न करणे या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत. सहावी श्राद्धपक्ष व पिंडदान नाकारते, तर सतरावी मद्यपान वर्ज्य करते. मानणे आणि करणे यांची येथे फारकत नाही.

त्या दिवशी नांदेड जिल्हा हैदराबाद राज्यात होता आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पुढे धम्मदीक्षेचे लोण येथील खेड्यांत पोहोचले, तेव्हा खरी कसोटी आचरणाची होती. मनात कोणता देव आहे, हे गावाने विचारले नाही. मेलेले ढोर कोण ओढणार, एवढेच विचारले. ते काम नाकारणे हेच धम्माचे पहिले प्रकट आचरण ठरले.

त्याची किंमतही मोजावी लागली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि हिंसाचार उसळला. त्यात नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. नांदेडमध्ये नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला.

परंतु आचारही दृष्टीवाचून आंधळा होतो. शीलव्रतांना केवळ विधी म्हणून चिकटून राहणे, या 'सीलब्बतपरामासा'ला तथागतांनी बंधन म्हटले आहे. पांढरी वस्त्रे नेसून वंदना पाठ म्हणावी आणि मूल आजारी पडताच देवीला नवस बोलावा, असे आजही काही घरांत घडते. त्या मातेला दूषणे देऊन भागणार नाही. तिची भीती दूर करणारे ज्ञान व आधार तिला विहारातून मिळाला पाहिजे.

अष्टांगिक मार्गात सम्यक दृष्टी प्रथम येते, पण मार्ग तेथे संपत नाही. दृष्टीची परीक्षा आचरणातच होते, हे मराठवाड्यातील पहिल्या पिढीने आपल्या जगण्यातून दाखवून दिले आहे.