1840 चा रुपया कोणत्या वर्षाचा?

इतिहासाच्या साधनांमध्ये नाण्याला मोठा मान आहे, कारण त्यावर राजाचे नाव असते आणि बहुधा वर्षही असते. ब्रिटिशकालीन चांदीच्या रुपयावरचे वर्ष मात्र जपून वाचावे लागते. का, ते बेंगळुरूचे उदाहरण घेऊन पाहू.

समजा, तेथील जुन्या पेठ भागात एक घर पाडताना भिंतीत रुपयांनी भरलेले गाडगे सापडले. त्यातल्या सर्वांत अलीकडच्या नाण्यावर 1840 हे वर्ष आहे. तुम्ही वहीत लिहाल, 'ही ठेव 1840 च्या सुमारास लपवली गेली.' हे अनुमान तब्बल वीस वर्षांनी चुकू शकते.

त्यासाठी थोडे मागे जाऊ. 1835 पर्यंत कंपनीच्या मुलखातही रुपया एकसारखा नव्हता. त्या वर्षीच्या कायद्याने 180 ग्रेन, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम वजनाचा आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा एकच रुपया ठरला. एक रुपया म्हणजे एक तोळा. आपल्याकडे 'रुपयाभार' हे माप आले ते रुपयाच्या वजनावरूनच. हा रुपया यंत्रावर पाडलेला, म्हणून 'कलदार'. कल म्हणजे यंत्र. बेंगळुरूत 1809 पासून ब्रिटिश लष्करी छावणी होती आणि 1831 पासून म्हैसूरचा कारभारही ब्रिटिश कमिशनरांच्या हाती गेला होता. तरीही म्हैसूरची टांकसाळ लगेच थांबली नाही. ती 1833 मध्ये बेंगळुरूला हलवली गेली आणि 1843 मध्ये बंद झाली. त्यामुळे आपल्या गाडग्यात दोन्ही प्रकारचे रुपये निघू शकतात. हाताने ठोकलेला म्हैसुरी रुपया जाड असतो, त्याची कड ओबडधोबड असते, त्यावर शाह आलम बादशहाच्या नावाचा फारसी लेख अर्धवट उमटलेला असतो. कंपनीचा रुपया गोल, दातेरी कडेचा.

आता वर्षाकडे वळू. चौथ्या विल्यमचा रुपया 1835 चा. तो राजा 1837 मध्ये वारला, पण 1840 पर्यंत टांकसाळींतून त्याचेच रुपये पडत राहिले, त्याच 1835 या आकड्यासह. पुढे व्हिक्टोरिया राणीचा रुपया आला आणि 1840 हा आकडा 1861 पर्यंत गोठून राहिला. 1862 मध्ये मुकुटधारी राणीची नवी छाप निघाली. तो आकडाही 1874 पर्यंत बहुतांश रुपयांवर तसाच राहिला. मुंबई टांकसाळीच्या या रुपयांवर वर्षाजवळ बारीक ठिपके आढळतात आणि त्यांची संख्या बदलत जाते. पाडणीचे खरे वर्ष त्या ठिपक्यांतून कळते, असे अभ्यासक मानतात.

मग 1840 च्या रुपयाचे काय करायचे? त्याच्या दोन छापा आहेत. पहिलीत 'व्हिक्टोरिया क्वीन' हा लेख राणीच्या मस्तकावरून सलग फिरतो. दुसरीत 'व्हिक्टोरिया' एका बाजूला, 'क्वीन' दुसऱ्या बाजूला, मध्ये मस्तक. सलग लेखाची छाप आधीची, तुटक लेखाची साधारण 1850 नंतरची. गाडग्यात तुटक लेखाचे रुपये असतील तर ठेव 1850 च्या आधीची असणे कठीण. 1862 ची छाप एकही नसेल तर ती बहुधा त्याआधीची. म्हणजे जी ठेव आपण कमिशनर कबनच्या सुरुवातीच्या काळात टाकत होतो, ती कदाचित 1857 च्या धामधुमीत लपवलेली असेल. मालक घाबरला होता की नुसतीच बचत करत होता, हा प्रश्न विचारण्याची मुभाच मुळी लेखातल्या त्या एका फटीमुळे मिळते!

पुढच्या छापा ओळखणे सोपे. 1877 पासून 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' आले. सातव्या एडवर्डचे मस्तक उघडे आहे. 1911 च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या गळ्यातील साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, म्हणून पुढच्याच वर्षी तो सुधारावा लागला. 1940 मध्ये चांदी निम्म्यावर आली, आणि 1947 चा रुपया निकेलचा.

खोटे रुपये पुष्कळ आहेत, त्यामुळे वजन पाहाच. झिजलेले नाणे थोडे हलके भरते, पण ग्रॅम-दीड ग्रॅमची तूट संशयास्पद. आणखी एक साधी कसोटी आहे. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि नाणे दोऱ्याने पाण्यात लोंबते धरा, तळाला टेकू देऊ नका. 1940 पूर्वीचा अस्सल, पूर्ण वजनाचा रुपया असेल तर काटा सुमारे 1.13 ग्रॅम दाखवतो. हलक्या धातूचे नाणे त्याच वजनाला जास्त आकडा दाखवते. माळेत ओवण्यासाठी कडी डाखलेल्या नाण्याला ही कसोटी लावू नका.

लक्ष्मीपूजनाचा राणीछाप रुपया चिंचेने किंवा राखेने घासण्याची आपली सवय जुनी आहे. देवघरात ती शोभते; अभ्यासाच्या नाण्यावर नको. घासण्याने ठिपके आणि मानेवरची बारीक अक्षरे आधी जातात, म्हणजे जे वाचायचे तेच.

त्याहून मोठे नुकसान नाणी विखुरल्याने होते. सराफ चांदीचा भाव पाहतो, संग्राहक दुर्मीळ तेवढे निवडतो, आणि गाडगे एकत्र असताना जे सांगत होते ते उरत नाही. जमिनीत वा भिंतीत सापडलेल्या ठेवीची माहिती प्रशासनाला देणे निखात निधीच्या कायद्यानुसार बंधनकारक आहे; कर्नाटकात जिल्हाधिकाऱ्याला डेप्युटी कमिशनर म्हणतात. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ते परदेशी नेता येत नाही. घरात वारशाने आलेले रुपये असतील तर प्रत्येकाला कागदाची वेगळी पुडी करा आणि तिच्यावर वजन, छाप, लेख सलग की तुटक, आणि ते कोणाकडून कुठून आले, एवढे लिहून ठेवा. आजीला आठवत असेल तोवर शेवटची नोंद आधी करा.