कोयनेलची कडू पुडी

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळी घालून पाणी अडवले आणि त्यावर धानाची शेती उभी राहिली. या पाण्याने माणसे जगवली. पण बांध्यांत व पाटांत साचणाऱ्या पाण्यावर डासही पोसले गेले. पावसाळा सरत आला, धान लोंबीवर आले की घरोघरी हिवतापाची हुडहुडी भरे.

या तापावरचे औषध मराठी माणसाला ‘कोयनेल’ या नावाने परिचित झाले. त्याचा उगम शोधू लागलो की आम्हांला थेट दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उतारांवर जावे लागते. तेथील सिंकोना वृक्षाच्या सालीचा गुण मिशनऱ्यांना भूमिपुत्रांकडून कळला, असे मानले जाते. पेरूमधील लिमा शहरात येशूसंघाची औषधशाळा सांभाळणारे ब्रदर आगोस्तिनो सालुम्ब्रिनो यांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही साल रोमला पाठवली. तेथे कार्डिनल हुआन दे लुगो यांनी तिचा पुरस्कार केला व गोरगरिबांना ती मोफत वाटली. म्हणून तिला ‘जेझुइटांची साल’ आणि ‘कार्डिनलची पूड’ अशी नावे पडली. धर्मकलहाने पोळलेल्या त्या युरोपात अनेक प्रॉटेस्टंटांनी केवळ या नावांमुळे औषधाकडे संशयाने पाहिले. ताप मात्र रुग्णाचा पंथ विचारीत नव्हता!

१८२० मध्ये पेलेतिए व काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी सालीतून क्विनीन वेगळे केले. क्विनीन, क्विनिडीन, सिंकोनीन आणि सिंकोनिडीन ही सालीतील चार प्रमुख अल्कलॉइडे; म्हणजे वनस्पतीत तयार होणारी, नायट्रोजनयुक्त, चवीला कडू द्रव्ये. चौघांच्याही रेणूत ‘क्विनोलीन’ नावाची जोडकड्यांची रचना असते. जणू एकाच कुटुंबातील ही चार भावंडे.

भारतात सिंकोना आणण्याचे काम १८६० च्या सुमारास क्लेमेंट्स मार्कम यांनी केले. निलगिरीत व नंतर दार्जिलिंगजवळच्या मंगपू येथे मळे बहरले. आपल्या महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही लागवड करून पाहिली. ती मात्र टिकली नाही. निलगिरीच्या मळ्यांत चिनी कैदी राबवले गेले, हेही विसरता येत नाही.

शुद्ध क्विनीन गरिबाला परवडेना. १८६६ मध्ये नेमलेल्या मद्रासच्या आयोगाने चारही अल्कलॉइडांची रुग्णांवर परीक्षा केली, तेव्हा उरलेली तीन भावंडेही तापावर उपयोगी ठरली. त्यामुळे त्यांचे स्वस्त मिश्रण विकणे शक्य झाले. १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून क्विनीनची पुडी एका पैशाला मिळू लागली आणि पुढे ही पद्धत इतर प्रांतांतही गेली. १८९७ मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले आणि साचलेल्या पाण्याशी असलेले तापाचे नाते उलगडू लागले.

तरीही भारताची गरज देशातील उत्पादनाने कधी भागली नाही. जगातील बहुतेक क्विनीन डचांच्या जावा बेटातून येई. तेथील उत्तम जातीचे बियाणे मूळचे बोलिव्हियातील मान्युएल इंक्रा मामानी या आदिवासी जाणकाराने गोळा केलेले. त्या गुन्ह्याखातर त्याला तुरुंगात घालून बेदम मारहाण झाली आणि त्यातच त्याचा अंत झाला. १९४२ मध्ये जपानने जावा जिंकताच औषधाचा तो झरा आटला. पुढे प्रयोगशाळेतून क्लोरोक्वीन आले. त्याच्याही रेणूत तीच क्विनोलीनची कडी आहे.

कोयनेलच्या पुडीत आम्हांला एवढा इतिहास दिसतो: भूमिपुत्रांचे ज्ञान, एका ब्रदरची सेवा, कैद्यांचा घाम, मामानीचे रक्त. पण औषध सापडणे आणि ते तलावाकाठच्या शेवटच्या झोपडीत पोहोचणे यांत फार मोठे अंतर असते. कार्डिनल दे लुगो यांनी रोमच्या गरिबांसाठी ते अंतर कमी केले. आपल्या काळातले अंतर कमी करणे हे आपले काम आहे.