आईची गोळी आणि हमाल रेणू

परवा आईने फोनवरची एक जाहिरात दाखवली. "अगं, ही कोएन्झाइम क्यू-टेनची गोळी मागवू का? म्हणे वय थांबतं." मी 'मागव' म्हणणारच होते. पण आधी या रेणूचा इतिहास वाचला. आज तोच सांगते.

साल १९५७. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन यांना गुरांच्या हृदयातल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, एक पिवळा पदार्थ सापडला. तोच कोएन्झाइम क्यू. पुढच्याच वर्षी मर्क कंपनीत कार्ल फोकर्स यांच्या गटाने त्याची रचना उलगडली. याचं काम हमालाचं! अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून उचलायचे आणि पुढच्याकडे पोचवायचे.

त्याच्या एकच वर्ष आधी, १९५६ मध्ये, डेनम हार्मन यांनी म्हटलं होतं की फ्री रॅडिकल्समुळे आपण म्हातारे होतो. हे दोन धागे जुळले सत्तरच्या दशकात. ब्रिटन चान्स आणि अल्बर्टो बोव्हेरिस यांच्या प्रयोगांत दिसलं, की या वाहतुकीत गळती होते. दोनऐवजी एकच इलेक्ट्रॉन धरलेला क्यू तो ऑक्सिजनला देऊन बसतो आणि सुपरऑक्साइड नावाचं रॅडिकल तयार होतं. पण दोन्ही इलेक्ट्रॉन धरलेला हाच क्यू रॅडिकल्सना शांतही करतो. म्हणजे आग लावणारा तोच, विझवणारा तोच! जाहिरातीत फक्त दुसरा अर्धा भाग असतो.

पुढे १९९७ मध्ये राजिंदर सोहल यांच्या गटाने उंदरापासून घोड्यापर्यंतचे सस्तन प्राणी तपासले. उंदरात मुख्यतः क्यू-नाइन असतो; त्याची शेपटी क्यू-टेनपेक्षा एका कडीने आखूड. गाय, घोडा आणि आपण मात्र क्यू-टेनवाले. ज्यांच्यात क्यू-नाइन जास्त, त्यांच्यात सुपरऑक्साइडही जास्त निघालं.

मग उंदरांना क्यू-टेन खाऊ घातलं तर ते जास्त जगतील? सोहल यांच्याच गटाने तेही करून पाहिलं. २००६ मध्ये निकाल छापून आला: आयुष्य वाढलं नाही.

आईला एवढंच सांगितलं, "वय थांबवायला नको घेऊस. तब्येतीचं काही असेल तर डॉक्टरांना विचारू."

ती म्हणाली, "बरं झालं, पैसे वाचले!"

तुमच्या घरी अशी जाहिरात आली, तर हा भाग नक्की पाठवा. भेटूया!