प्रतीकविवाह

मानवी वधू किंवा वर यांच्याऐवजी वृक्ष, फळ, कलश, शस्त्र वा देवता यांच्याशी लावण्यात येणारा विधिपूर्वक विवाह. असे विवाह अनेक समाजांत आढळतात. मात्र त्यांचे हेतू एकमेकांपासून फार भिन्न आहेत. व्हेनिसचा डोज दरवर्षी समुद्रात अंगठी टाकून त्याच्याशी ‘विवाह’ करी. १७९७ मध्ये प्रजासत्ताक लयाला जाईपर्यंत चाललेला हा विधी सागरी स्वामित्वाचे निदर्शक होता. राजपूत घराण्यांत वराऐवजी खांडा, म्हणजे तलवार, पाठवून लग्न लावीत. तेथे शस्त्र केवळ प्रतिनिधी असून पती मनुष्यच असे. खऱ्या अर्थाने प्रतीकाला पतीचे वा पत्नीचे स्थान मिळते ते पुढील प्रकारांत.

कमलाकरभट्टाच्या निर्णयसिंधूत (१६१२) आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांच्या धर्मसिंधूत (१७९०) अर्कविवाहाचे विधान आहे. पुरुषाचा तिसरा विवाह अशुभ मानला जाई, म्हणून तो रुईच्या झाडाशी लावून मानुषी विवाह चौथा ठरवीत. ज्या कन्येच्या पत्रिकेत वैधव्ययोग असे, तिच्यासाठी कुंभविवाह सांगितला आहे. कन्येला व कलशाला सूत्राने वेढून लग्न लावीत आणि नंतर कलश पाण्यात फोडीत. अशा विवाहाने कन्या पुनर्भू होत नाही, असा निर्वाळा धर्मशास्त्राने आवर्जून दिला. विधवेच्या पुनर्विवाहाला निषिद्ध मानणाऱ्या परंपरेला तो द्यावा लागला, हे लक्षणीय आहे.

नेपाळ खोऱ्यातील नेवार समाजाचा ‘इही’ हा विधी नेमक्या उलट तर्कावर उभा आहे. हिंदू व बौद्ध अशा दोन्ही नेवार घराण्यांतील मुलींचा, ऋतुप्राप्तीपूर्वी, बहुधा सामुदायिक रीतीने बेलफळासह विवाह लावतात. पिता या प्रसंगी कन्यादान करतो. लोकसमजुतीप्रमाणे बेलफळ हाच वर. विधीच्या दृष्टीने मात्र वर सुवर्णकुमार, म्हणजे विष्णू, असून फळ हे साक्षी असते, असेही मत आहे. पुढे ‘बाऱ्हा’ विधीत मुलीला बारा दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवून अखेरीस सूर्यदर्शन घडवितात. हा सूर्याशी विवाह समजतात. पहिला पती अमर असल्याने मानवी पतीच्या मृत्यूनंतरही स्त्री विधवा होत नाही, अशी धारणा आहे. पतीच्या उशाखाली सुपारी ठेवून पत्नी त्याला सोडू शके, असे एकोणिसाव्या शतकातील युरोपीय लेखकांनी नोंदविले आहे. तथापि यावरून नेवार स्त्री सर्वस्वी स्वतंत्र होती, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. उच्चवर्णीय नेवारांत विधवांचा पुनर्विवाह सहजमान्य नव्हता.

कुंभ नष्ट व्हावा लागतो, तर बेलाचा वर अविनाशी असावा लागतो. अविनाशी पतीची ही कल्पना महाराष्ट्रात मात्र स्त्रीला जाचक ठरली. नवसापोटी खंडोबाला वाहिलेल्या मुलीचे देवाशी लग्न लावून तिला मुरळी करीत. देव मरत नसल्याने तिला वैधव्य नव्हते, पण मानवी विवाहही नव्हता. अनेकींच्या वाट्याला शोषण आले. विठ्ठल रामजी शिंदे यांनी या प्रथेविरुद्ध चळवळ केली. मुंबई इलाख्यातील १९३४ च्या देवदासी संरक्षण कायद्याने स्त्रियांना देवाला वाहणे बेकायदेशीर ठरविले व अशा स्त्रियांचे विवाह वैध मानले. महाराष्ट्र विधिमंडळाने २००५ चा निर्मूलन कायदा संमत करून याच दिशेने आणखी पाऊल टाकले.