धूळ आणि तिची वकिली

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबईच्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत 'सिमेंटचा पत्रा' कुणाला ठाऊक नाही? त्यातला धागा अ‍ॅस्बेस्टॉसचा. मुलुंडला असे पत्रे तयार होत आणि घाटकोपरला मोटारींच्या ब्रेकची लायनिंग. दोन्ही कारखान्यांची नाळ ब्रिटनच्या टर्नर अँड न्यूअल कंपनीशी जोडलेली होती.

याच कंपनीच्या रॉशडेल येथील कारखान्यात काम केलेली नेली केरशॉ १९२४ साली फुप्फुसांत ही धूळ साचून मरण पावली. १९३१ साली ब्रिटनने धुळीविषयी नियम केले. म्हणजे मुलुंडला पत्रा बनू लागण्याआधीच मायदेशी धोका कळला होता.

बाजारात एकमेकांची गिऱ्हाइके पळवणारे कारखानदार या धुळीपाशी मात्र एकत्र आले. ब्रिटनमध्ये १९५७ साली त्यांनी संशोधन परिषद काढली आणि १९६७ साली माहिती समिती. भारतात १९८५ साली अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट उत्पादकांची संघटना उभी राहिली. धूळ आवरण्याच्या पद्धती या संघटनांनी सांगितल्या, हे खरे. पण त्यांचा मुख्य युक्तिवाद एकच : पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस काळजीपूर्वक वापरला तर निर्धोक आहे. जागतिक आरोग्य संघटना मात्र सांगते, की सर्वच प्रकारांनी कर्करोग होतो. पुढे भारतीय संघटनेच्या नावातून 'अ‍ॅस्बेस्टॉस' गेला आणि 'फायबर सिमेंट' आले.

कामगाराच्या बाजूने कोण? हा आजार दिसायला वीस-तीस वर्षे लागतात. तोवर माणूस निवृत्त होऊन गावी गेलेला असतो आणि खोकल्याला टीबी समजून औषध चालू असते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांतील जो काळ उशिरा संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. २००५ साली डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतील एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीची पाहणी प्रसिद्ध केली. तपासलेल्या दर पाच कामगारांत एकाहून अधिक जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस निघाला.

ब्रिटनने १९९९ साली पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे परदेशी धागा आणि पत्रा, दोन्ही चालू आहेत. मालकांच्या संघटनेला कचेरी असते, पत्रके असतात. कामगाराजवळ असते ती एक्स-रेची प्लेट. म्हणून कामावरचे ओळखपत्र, पगाराची पावती आणि ती प्लेट घरात जपून ठेवा. उद्या साक्ष द्यायला तेवढेच उरेल.