लिव्हरपूलच्या जुन्या गोद्या
लिव्हरपूलची आल्बर्ट गोदी १८४६ सालीं उघडली. आगीच्या भयास्तव तिच्या वखारी लांकूड टाळून लोखंड, वीट व दगड यांच्या बांधल्या होत्या. १९७२ सालीं ती बंद पडली. परंतु पुढें त्याच वखारींत संग्रहालयें व दुकानें आलीं, आणि पाणीहि राहिलें. २००४ सालीं युनेस्कोनें त्या बंदरभागास जागतिक वारशाचा मान दिला. मात्र नव्या उंच इमारतींचे बेत झाले, ब्रॅम्ली-मूर गोदी बुजवून क्रीडांगण उभारण्याचें ठरलें, आणि २०२१ सालीं तो मान काढून घेण्यांत आला. लोकांस रोजगार हवा, हें आम्हांस मान्य आहे. पण तट राखून पाणीच बुजविलें, तर गोदी कसली उरली? जुन्या वास्तूस नवें काम द्यावें, परंतु तिचा प्राण राखावा, असें आम्हांस वाटतें.